सहीतलं एक अक्षर

आमच्याकडे म्हाळ चतुर्दशीला असतो. शेजारीपाजारी कुणाची नवमी, कुणाची द्वादशी, बहुतेकांची सर्वपित्री; आमची मात्र भाद्रपद वद्य चतुर्दशी ठरलेली. लहानपणी मला त्या दिवसाचं अप्रूप एवढंच, की वडे व्हायचे. जाडसर पिठाचे टम्म फुगलेले वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, अळूचं फदफदं आणि तांदळाची खीर. बोरिवलीला पूर्वेला आमची दोन मजली इमारत होती. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं, की उद्यानाच्या झाडीतून कावळे यायचे. तेव्हा त्या बाजूला आडवं यायला उंच इमारती नव्हत्या. पणजी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. कावळा शिवला की म्हणायची, "जेवले." आणि मग आम्हाला पानं वाढायला सांगायची.

कोण जेवले, ते तिने कधी सांगितलं नाही. सांगणार कशी? तिने उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तुमच्याही घरात अशी एखादी पणजी असेल. आमच्या पणजीचं तर त्याहून पुढे होतं. पणजोबांचं नाव एका देवाचं होतं, म्हणून ती त्या देवाचंही नाव घ्यायची नाही. "त्या देवाच्या देवळात जाऊन आले" म्हणायची आणि आम्हाला कळायचं. पणजोबांचा विषय निघालाच तर "आमचे पलटणवाले" एवढंच.

आजोबा लालबागच्या गिरणीत होते. त्यांची सही मला अजून डोळ्यांपुढे दिसते. आधी नाव, मग एक अक्षर आणि टिंब, मग आडनाव. त्या टिंबाआधीच्या एका अक्षरात त्यांचे वडील राहत होते. आजोबांनी वडिलांना पाहिलंच नव्हतं. ते १९१४ च्या दिवाळीत जन्मले, तोवर पलटण बोलावून घेतलेली होती. पणजोबा शेवटचे घरून निघाले ते पावसाळ्याआधी, असं मोठी आत्या सांगते. बाबा सांगायचे ऐन पावसात, खाडीला उधाण होतं तेव्हा. दोघांनीही ते पणजीकडूनच ऐकलेलं. काय खरं ते आता कुणाला विचारायचं? दाभोळपर्यंत चालत गेले आणि तिथून आगबोटीने मुंबईला, यावर मात्र दोघांचं एकमत.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. तिकडच्या माणसाला त्या काळी दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. जमीन खोताची, पीक पावसाचं, आणि भात झोडून खोताचा वाटा गेला की शिमग्यापर्यंत कणगी तळाला लागायची. मग नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. घरातला एक मुलगा पलटणीत गेला तर महिन्याला रोख पैसे येतात, हे हिशेब आयाबायांनाही तोंडपाठ होते. राजाच्या साम्राज्यासाठी आमचे लोक गेले असं पुढे कुणी कुणी लिहिलं. मला वाटतं, ते मनीऑर्डरीसाठी गेले. त्यात कमीपणा काहीच नाही.

पहिल्या महायुद्धाला पणजी "जर्मनची लढाई" म्हणायची. अॅल्युमिनियमच्या भांड्यालाही आमच्याकडे "जर्मलचं" म्हणतात. माझ्या बालबुद्धीत ती लढाई त्या पातेल्यांवरून झाली होती. पण पणजोबा जर्मनांशी लढलेच नव्हते. ते गेले होते बसऱ्याला.

बसरा हा शब्द मराठी घरात दोन वाटांनी येतो, मोत्यांवरून आणि खजुरावरून. मोती खरे बहारीनकडच्या समुद्रातले, पण बसऱ्याच्या बाजारातून यायचे म्हणून बसऱ्याचे. खजूर मात्र तिथलाच. शत्त अल अरबच्या काठी मैलोन्मैल खजुरीची बनं होती आणि तिथला खजूर गलबतांतून मुंबईला उतरायचा. पणजी एकादशीला शेंगदाणे खायची, रताळं खायची, वऱ्याचे तांदूळ खायची. खजुराला हात लावायची नाही. एकदा शेजारच्या लग्नघरी नवरीची नथ हातोहात फिरत होती. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बसऱ्याचे मोती आहेत." पणजी हातातलं पानाचं तबक खाली ठेवून उठली आणि घरी आली. मी तिच्याबरोबर होतो, सातआठ वर्षांचा. मला लाडू मिळायचा राहिला, म्हणून तो प्रसंग लक्षात राहिला.

ती १९७५ मध्ये गेली. आजोबा तिच्याआधीच गेले होते. बाबांच्या मागे घर आवरताना कागदांच्या गाठोड्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला आणि त्यात ते अक्षर पहिल्यांदा पूर्ण नाव होऊन समोर आलं. पासष्टीच्या उंबरठ्यावर मला पणजोबांचं नाव कळलं. त्या रात्री झोप आली नाही.

मग २०२२ च्या पावसाळ्यात मोठ्या आत्याकडे मुलुंडला गेलो. बोरिवलीहून मुलुंडला जायचं म्हणजे पूर्वी दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेची धिमी गाडी पकडायची. आता अंधेरीला मेट्रो, घाटकोपरला उतरून पुन्हा लोकल. आत्या तेव्हा श्याऐंशीची होती. कान गेलेले, पण स्मरण टक्क. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू विचारलं कुठे?"

तिने कपाटातून एक जर्मलचा डबा काढला. त्यात जुनी बटणं, आजीच्या जोडव्यांचा एकच नग, रेशनकार्डाचा तुकडा आणि तळाशी फडक्यात बांधलेला पितळी रंगाचा एक तारा. चार टोकं, एकमेकांवर आडव्या दोन तलवारी, वर मुकुट, मधल्या पट्टीवर १९१४-१५. लहानपणी मी तो पाहिला होता. मला तो गणपतीच्या मखराचा तुकडा वाटला होता.

"ह्याच्याबरोबर चांदीचं पण होतं," आत्या म्हणाली. "माझे वाळे केले त्याचे. १९३६ साली. आजीनेच काढून दिलं. म्हणाली, नातीच्या पायात वाजू दे."

युद्धात गेलेल्या शिपायांना सरकारने जी पदकं दिली, त्यातलं एक चांदीचं असायचं आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. म्हणजे ज्या चांदीवर पणजोबांचं नाव कोरलेलं होतं, ती सोनाराच्या मुशीत गेली आणि एका तान्ह्या मुलीच्या पायात वाजली. मला आधी हळहळ वाटली. मग आत्याच्या पायांकडे पाहिलं, सुजलेले, निळ्या शिरांचे, आणि हळहळ उरली नाही. पणजीने केलं ते बरं केलं.

तारा मात्र ब्राँझचा, त्याला कोण विचारतो, म्हणून राहिला. त्याच्या पाठीवर अक्षरं असतात. खिडकीशी नेऊन, बोटाने रांगोळीची पूड चोळून आम्ही ती वाचली. नंबर अर्धामुर्धा. नाव चाचपडत. पण पलटण स्वच्छ होती, १०३ मराठा लाइट इन्फंट्री.

ही जंगी पलटण. १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिलेली, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १९१४ च्या शेवटी पुणे डिव्हिजनचे हजारो शिपाई मुंबईच्या गोदीतून इराणच्या आखाताकडे गेले, त्यात ही होती. याच डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या आणखी दोन पलटणी होत्या, ११० आणि ११७. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा बांधून व्हायचा होता, त्यामुळे जाताना त्यांना तो काही दिसला नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कांकडून बसरा घेतलं. तिथेच थांबते तर पणजोबा कदाचित परतले असते. पण तैग्रिसच्या काठाने वर वर जात राहिले; अमारा, कूत, आणि वरच्यांच्या मनात बगदाद भरलं.

बगदादच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर सलमान पाक नावाचं गाव आहे. तिथे पैगंबरांच्या एका सोबत्याची कबर आहे आणि शेजारी जुन्या इराणी राजांच्या महालाची भली मोठी विटांची कमान अजून उभी आहे. इंग्रज त्या जागेला टेसिफॉन म्हणत. तिथे तुर्कांनी खंदकांच्या दोन रांगा खणून ठेवल्या होत्या. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड, त्याचं सैन्य २१ नोव्हेंबर १९१५ च्या रात्री चालत निघालं आणि २२ ला सकाळी उघड्या सपाट मैदानातून त्या खंदकांवर गेलं. झाड नाही, टेकडी नाही, प्यायला पाणी नाही. पहिली रांग घेतली, दुसरीपाशी कंबर मोडली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या वर गेले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं. त्या गाड्यांच्या हादऱ्यांचं वर्णन मी एकदा वाचलं, पुन्हा वाचवलं नाही.

माझ्या मुलीने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी शोधायला घेतली. ही युद्धात मेलेल्यांच्या नोंदी आणि कबरी सांभाळणारी संस्था, १९१७ पासूनची. मराठी नावं गोऱ्या कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिलेली. एका आडनावाची पाच रूपं. आम्ही दोघं रात्री जेवणं झाली की बसायचो. ती वाचायची, मी नाही म्हणायचो. तिसऱ्या आठवड्यात एक नोंद आली. नंबरातले दिसणारे आकडे जुळले, पलटण जुळली. बापाचं नाव होतं, तेही जुळलं. गावाचं नाव मात्र काहीतरी भलतंच. मुलगी म्हणाली, "बाबा, हे आपलं गाव नाही." मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने ती इंग्रजी अक्षरं सावकाश मोठ्याने वाचली आणि आमच्या गावाचं नाव खोलीत उमटलं. कुणा शिपायाने आपल्या उच्चारात सांगितलेलं गाव शंभर वर्षं त्या मोडक्या अक्षरांत बसून होतं.

तारीख, २२ नोव्हेंबर १९१५.

मी पंचांग काढून बसलो. आदल्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा. त्रिपुरी. म्हणजे ते रात्रभर चालले ते पुनवेच्या चांदण्यात, आणि इकडे गावात देवळापुढची दीपमाळ पेटली असणार. वर्षाच्या मुलाला काखेत घेऊन पणजी तिथे उभी असेल. हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण आमच्या गावात त्रिपुरीला घरी बसणारी बाई मी पाहिलेली नाही.

आत्याला फोनवर तारीख सांगितली, ओरडून. ती म्हणाली, "म्हणून तर चतुर्दशी." पितृपक्षातली चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांची तिथी. तिथी कुठलीही असो, हत्यारानं गेलेल्या माणसाचं पान त्या दिवशी. मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं आणि ताटातल्या वड्यांपलीकडे मी पाहिलंही नव्हतं.

पणजोबांचं असं झालं, पण सलमान पाकहून जे मागे हटले त्यांचे हाल वेगळे. खालच्या वाडीत एक म्हातारे होते, सगळे त्यांना कूतवाले बाबा म्हणत. मी त्यांना पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं होतं. ते पणजोबांबरोबर गेले होते आणि लढाई संपल्यावर परत आले. उरलेलं सैन्य डिसेंबरच्या सुरुवातीला कूतला येऊन पोचलं आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला. १४७ दिवस. भाकरीचं पीठ तोळ्यामाशावर आलं. घोडे मारले. गोऱ्यांनी घोड्याचं मांस खाल्लं; आपल्या लोकांनी बरेच दिवस हात लावला नाही. खायला हरकत नाही असे धर्मगुरूंचे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले, तरी कितीतरी जणांची तयारी नव्हती. गावाला काय सांगायचं, सोयरीक कोण करेल, हा घोर. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. मग रानातला पाला खुडून शिजवायचे. कूतवाल्या बाबांनी खाल्लं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि ऐकणारे हसायचे. "आभाळातनं जातं पडलं." बाबांना ती म्हाताऱ्याची थाप वाटायची, मलाही. पुढे वाचताना कळलं की खरंच तसं झालं होतं. कूतमध्ये जव होते, पण दळायची सोय अपुरी, म्हणून विमानातून जात्याची पाळी खाली टाकली होती. एप्रिलमध्ये तर धान्याच्या गोणीही विमानातून टाकायला लागले. काही गावात पडल्या, काही नदीत, काही तुर्कांकडे. आमच्या घरात पहाटे पणजी जात्यावर बसायची तेव्हा कूतवाले बाबा वाटेने जाताना थांबायचे आणि घरघर ऐकत उभे राहायचे, असं बाबा सांगायचे. ते पीठ सांडू द्यायचे नाहीत. पोरांनी ताटात भाकरीचा तुकडा टाकला तर स्वतः उचलून खायचे. परक्या घरीसुद्धा.

सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांना बगदाद, मोसूल आणि पुढे वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेतच गेले. कूतवाले बाबा त्यातून कसे वाचले देव जाणे.

लहानपणी शाळेची सहल म्युझियमला गेली होती, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मी घुमटाखाली उभं राहून वर बघत होतो. ती इमारत लोकांसाठी उघडली १९२२ मध्ये. त्याआधी, लढाईच्या काळात, तिथे लष्करी इस्पितळ होतं. तिथल्या खाटांवर मेसोपोटेमियातून, म्हणजे याच बसरा-कूतच्या मुलखातून आलेले शिपाई असत. त्या फरशीवर कुणी आमच्या वाडीतला माणूस पडला असेल, कण्हत "आये" म्हणाला असेल, हे तेव्हा ठाऊक असतं तर मी तिथे धावाधाव केली नसती.

बसऱ्याला या सगळ्यांचं एक मोठं स्मारक आहे. १९२९ मध्ये उघडलं. चाळीस हजारांवर माणसांची आठवण म्हणून. आधी गोदीच्या काठी होतं, १९९७ मध्ये तिथून हलवून शहराबाहेर बत्तीस किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. त्याच्या दगडांवर गोऱ्या साहेबांची नावं आहेत, साध्या गोऱ्या शिपायांचीही आहेत. हिंदुस्थानी सुभेदार-जमादारांची आहेत. हिंदुस्थानी शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली आकडा आहे, आणखी इतके शिपाई, बस. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत, तिच्यावरही आकडेच. एक गेलेल्यांचा, एक न परतलेल्यांचा. लहानपणी त्या पाटीवर आम्ही चिंचोके फोडायचो.

वॉर ग्रेव्हज कमिशननेच २०२१ मध्ये स्वतःची चौकशी केली आणि कबूल केलं, की आशिया-आफ्रिकेतल्या एक लाखाहून जास्त मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. माफी मागितली. आता यादीत नावं आहेत. माफी खरी असेल. मला राग येतो तो येतोच. १८७९ मध्ये आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांची फौज कापून काढली, तिथेही हेच. मेलेल्या गोऱ्या शिपायांची नावं यादीवार मिळतात. त्यांच्या बाजूने लढलेल्या काळ्या माणसांचा नक्की आकडासुद्धा लागत नाही. तिथेही कुणा पणजीने वाट पाहिली असणार. झुलूंच्या बाजूलाही.

पणजीने नाव घेतलं नाही ते वेगळं आणि दगडावर कोरलं नाही ते वेगळं. तिच्या न घेण्यात तो माणूस रोज होता. शेवटच्या आजारात ती ग्लानीत बडबडायची. गाय बांधली का, पावसाची झड आत येतेय, असं काहीबाही. आई सांगते, तेव्हाही ते नाव ओठांवर आलं नाही. म्हणून मीही ते इथे छापत नाही. तिचा मान.

पण घरात घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. गेल्या म्हाळाला आत्याला गाडी करून मुलुंडहून आणलं. वडे तिने सांगितले तसे केले, पिठात बडीशेप आणि धणे भरडून. जुनी इमारत पाडून तिथे आता बारा मजल्यांची झाली आहे. गच्चीवर जायला सोसायटीच्या ऑफिसातून किल्ली घ्यावी लागते. पान कठड्यावर ठेवलं. आत्यासाठी प्लास्टिकची खुर्ची वर नेली. कावळे हल्ली कमी झालेत, पारवेच फार. ऊन चढायला लागलं.

मुलीने तो तारा पानाच्या शेजारी ठेवला आणि पणजोबांचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, गावासकट. मोठ्याने. आत्याने पदर डोक्यावर ओढला.

बराच वेळ काही नाही. मग उद्यानाच्या बाजूने एक कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला, मान तिरकी करून पाहिलं, आणि उतरून खिरीला चोच लावली.

आत्या म्हणाली, "जेवले."

आम्ही खाली जाऊन पानं वाढायला घेतली.